कठीण शब्दांची किल्ली



मराठी शाळेतून या बंगळूर नगरीत आलेल्या मुलाला कठीण इंग्रजी शब्दांचे भय वाटते. वास्तविक त्यांची घडण त्याच्या परिचयाची असते. 'बेनेव्होलंट' शब्दात 'बेने' म्हणजे चांगले आणि 'व्होलेन्स' म्हणजे इच्छिणारा, असे दोन लॅटिन घटक आहेत. आपला 'हितेच्छू' असाच घडला आहे. 'बेने'च्या जागी 'माले' येताच अर्थ उलटतो. 'सुजना'चा 'दुर्जन' व्हावा तसा.

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी १८४७ साली पूर्ण केला. तो जवळ ठेवावा. रोज एक शब्द घ्यावा, त्याची फोड करावी, मराठी प्रतिशब्द शोधावा. मातृभाषेत उमगलेला अर्थ मुलाखतीच्या वेळीही साथ सोडत नाही. ती शिदोरी या शाळेने साठ वर्षे बांधून दिली आहे.