कालची पाटी आणि एक टिंब

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्या ओळखीची एक गोष्ट प्रथम सांगतो. वर्गात गणित घातले आहे, मुले पाट्या पुढे करीत आहेत. एकाच्या पाटीवरचे उत्तर अगदी बरोबर. आपण खूण करून पुढे जाता. तोच शेजारचा पोरगा हळूच म्हणतो, “गुरुजी, हे त्यानं काल लिहिलंय.” गणित कालचेच होते, पाटी पुसलेली नव्हती, आणि पठ्ठ्याने आज पेन्सिल हातातही धरली नव्हती. त्याला लबाड तरी कसे म्हणावे? पाटी न पुसता परीक्षा घेतली ती आपणच.

संगणकाच्या प्रोग्रॅमचीही अशी परीक्षा असते, आणि तिथेही हेच घडते. मी भाषेचा माणूस. एम. ए. झालो तो मराठी घेऊन. संगणकाशी गाठ पडली ती चाळिशीत, तीही एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. त्याच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी त्याने पावत्यांचा प्रोग्रॅम लिहिला आहे. लिटर, फॅट, एसएनएफ घातले की भाव लागतो, रक्कम निघते, ती एका फाइलमध्ये उतरते आणि तिथून कागदावर येते. शहाण्या माणसासारख्या त्याने चाळीस चाचण्याही लिहून ठेवल्या होत्या. प्रोग्रॅममध्ये काही बदलले की एक कळ दाबायची. चाचण्या कल्पनेतले दूध घालतात, पावती काढायला लावतात आणि रक्कम ताडून पाहतात. अडीच लिटर दूध, भाव २९ रुपये धरला, तर पावतीवर ७२.५० आले पाहिजेत.

एका रात्री त्याने फाइल लिहिण्याच्या भागात दुरुस्ती केली. कळ दाबली, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. गडी निवांत झोपला. सकाळी सहाला केंद्रावर किटल्यांची रांग लागली, आणि पावती एक निघेल तर शपथ! माप वहीत लिहून घ्यावे लागले. लोक समजूतदार, कुणी भांडले नाही. पण दहा दिवसांचा हिशेब ज्या चिठोऱ्यावर चालतो त्या चिठोऱ्याकडे माणसे संशयाने पाहू लागली, हे त्याच्या मनाला लागले. दुपारी तो माझ्याकडे आला.

आम्ही दोघे बसलो. झाले होते असे : दुरुस्तीनंतर प्रोग्रॅम फाइल लिहीतच नव्हता. पण चाचणी काय पाहत होती? अमुक नावाची फाइल आहे का, आणि तिच्यात बरोबर रक्कम आहे का, एवढेच. फाइल होती, रक्कमही होती. दोन्ही आदल्या दिवशीच्या!

“अरे, चाचणी झाल्यावर तू फाइल पुसत नाहीस का?” मी विचारले.

“पुसतो की, सर. शेवटच्या ओळीत.”

या शेवटच्या ओळीतच सारे पाणी मुरत होते. चाचणी मध्येच नापास झाली, तर संगणक तिथेच थांबतो. खालच्या ओळींपर्यंत पोचतच नाही. आदल्या दिवशी एक चाचणी अशीच अर्ध्यात अडली होती. पुसण्याची ओळ राहिली, फाइल राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच खोटी साक्ष दिली.

यावर उपाय जुना आहे आणि सोपा आहे. पुसण्याचे काम चाचणीच्या शेपटाला बांधायचे नाही. चाचण्या चालविणाऱ्या बहुतेक साधनांत अशी सोय असते की, पास होवो वा नापास, आवराआवर होणारच. शिवाय प्रत्येक चाचणीने नवे कोरे, तात्पुरते फोल्डर उघडावे, आपला पसारा त्यातच मांडावा आणि जाताना ते फोल्डर घेऊन जावे. दुसऱ्याच्या घरात शिरून झाडू मारू नये. २०१५ साली स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्सवरील आवृत्तीत हेच झाले. ‘या फोल्डरातले सगळे पुसा’ अशी आज्ञा होती, पण फोल्डरचे नाव काही कारणाने रिकामे राहिले. मग ‘सगळे’ याचा अर्थ संगणकावरचे खरोखरच सगळे असा झाला, आणि एका वापरणाऱ्याच्या साऱ्या फायली गेल्या.

तर पाटीचा बंदोबस्त झाला. पावत्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी एका आजींनी पावती डोळ्यांजवळ नेली आणि विचारले, “लेकरा, हे बहात्तर का सात हजार?” पावतीवर छापले होते ७२,५०. टिंबाच्या जागी स्वल्पविराम! केंद्रावरच्या संगणकात देशाची निवड चुकीची झाली होती. युरोपात कित्येक ठिकाणी दशांशासाठी स्वल्पविरामच लिहितात. गंमत अशी की, तोच संगणक असताना चाचणी म्हणत होती, सर्व ठीक आहे.

आता हे टिंबाचे प्रकरण थोडे समजावून घ्यावे लागेल. मजकुरात काही शोधायचे तर संगणकाला एक नमुना द्यावा लागतो. या नमुन्यांना रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. त्यांची गणिती मांडणी स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाच्या १९५६ साली छापलेल्या लेखात आहे. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी त्यांनी मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. या भाषेत काही चिन्हांना अधिकार दिलेले आहेत. टिंब म्हणजे ‘येथे कोणतेही एक अक्षर चालेल’. म्हणजे ७२.५० हा नमुना ७२,५० लाही हो म्हणतो आणि ७२१५० लाही! कंसालाही असाच अधिकार आहे. तो कंस म्हणून न राहता तुकडे एकत्र बांधतो. त्यामुळे ‘रक्कम (रु.)’ असा नमुना दिला, तर पावतीवर तीच अक्षरे, तेच कंस असूनही तो जुळत नाही.

आणि इथे मला माझा विद्यार्थी जरा वरमलेला दिसला. कंसाची एक चाचणी त्याने पूर्वी लिहिली होती. ती पावती बरोबर असतानाही नापास व्हायची. कंटाळून त्याने ती बंद करून टाकली होती. पाहा, एक परीक्षक वाटेल त्याला पास करणारा, आणि दुसरा खऱ्यालाही नापास करतो म्हणून घरी बसविलेला!

भाषेच्या माणसाला ही अडचण नवी नाही. ‘बैल चरतो’ यात बैल खराखुरा आहे. ‘बैल’ हा शब्द दोन अक्षरी आहे, असे म्हणतो तेव्हा बैल कुठे असतो? तिथे नुसता शब्द असतो, आणि ते कळावे म्हणून आपण अवतरणचिन्हे घालतो. नमुन्यांच्या भाषेत हे काम \ ही उलटी तिरपी रेघ करते. ७२\.५० लिहिले की टिंब निव्वळ टिंब राहते. हाताने रेघा ओढाव्या लागत नाहीत. पायथन भाषेत ‘एस्केप’ नावाची तयार सोय आहे, ती लागेल तिथे रेघ घालते.

विंडोजवर या रेघेनेच आणखी घोळ होतो, कारण तिथे फोल्डरांचे पत्ते तिनेच जोडलेले असतात. असा पत्ता जसाच्या तसा नमुन्यात घातला, तर रेघ आणि पुढचे ‘टी’ अक्षर मिळून त्याचा ‘टॅब’ होतो, आणि पत्ता सापडत नाही. विंडोजची दुसरी खोड अशी की, उघडी असलेली फाइल ती सहसा पुसू देत नाही. लिनक्स पुसू देते. म्हणून माझ्या विद्यार्थ्याच्या घरी सुरळीत चालणाऱ्या चाचण्या केंद्रावर अडखळत. आधी फाइल बंद, मग पुसणे, हा क्रम लावल्यावर तेही थांबले.

सारे झाल्यावर मी त्याला एक विनंती केली. म्हटले, आता प्रोग्रॅम मुद्दाम बिघडव. फाइल लिहिण्याची ओळ काढून टाक आणि कळ दाब. त्या रात्री साडेदहाला फोन आला. आवाजात असा आनंद, की मला वाटले नोकरीच लागली!

“सर, अकरा नापास झाल्या!”

मी म्हटले, छान. आता ओळ परत जागेवर ठेव, सकाळी सहाला लोक येतील.