पाणपक्ष्यांची शिकार आणि प्राथमिक शाळेचे कर्तव्य



भाईंदर पूर्वेस जेसल पार्क म्हणून जो भाग आहे, त्याच्या कडेने वसईची खाडी वाहते. एका अंगास रेल्वेचा पूल, दुसऱ्या अंगास तिवरांची दाटी, आणि ओहोटी लागली की उघडा पडणारा चिखल, असे ते स्थळ आहे. थंडीची चाहूल लागताच तेथे कुरव पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. चिखलात तुतवार आणि बगळे भक्ष्य शोधीत हिंडतात. गाडीतील प्रवाशास हे दृश्य क्षणभरच दिसते. परंतु काठावर दुर्बीण घेऊन बसणारे पक्षिनिरीक्षक वहीत एकेका जातीपुढे आकडा मांडीत असतात. यंदा किती आले, गेल्या वर्षीपेक्षा कमी की अधिक, हीच त्यांची चिंता असते.

खाडीकाठी जे कुरव, तेच खेड्यातील तलावावर आणि पाझर तलावावर रानबदके. थापट्या, चक्रवाक, तलवार बदक हे हिवाळी पाहुणे मध्य आशिया, सैबेरिया, हिमालयापलीकडचा प्रदेश येथून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हळदीकुंकू, अडई, नकटा ही बदके तर याच देशात घर करून राहतात. ज्या समाजाने चोचीवरील लाल-पिवळा ठिपका पाहून बदकास ‘हळदीकुंकू’ असे नाव दिले, त्या समाजास हे पक्षी परके कधीच नव्हते. मात्र ओळख होती तशी शिकारही होती, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

पक्षिशास्त्राचा पाया शिकाऱ्यांनीच घातला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीचा शौक असणारे अनेक होते. डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या कंठावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ती घेऊन ते या सोसायटीत गेले. तेथील चिटणीसांनी त्या मुलावर न रागावता कपाटांतील पक्ष्यांचे नमुने त्याला दाखविले. मुलाच्या हातून घडलेल्या हत्येचे रूपांतर एका योग्य प्रश्नात आणि एका योग्य उत्तरात झाले, आणि देशास थोर पक्षिशास्त्रज्ञ लाभला. शिक्षकाने मनन करावे अशी ही घटना आहे.

आता दुसरा प्रसंग पाहावा. राजस्थानातील भरतपूर येथे तेथील संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी दलदलीचे क्षेत्र राखले होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी तेथे योजिलेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा अभिमानाने दगडावर कोरून ठेवण्यात आला आणि तो दगड आजही तेथे उभा आहे. तो दिवस होता १२ नोव्हेंबर १९३८, म्हणजे नेमका सलीम अली यांचा बेचाळिसावा वाढदिवस! पुढे हेच क्षेत्र १९५६ मध्ये पक्षी अभयारण्य झाले, १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ते टिकावे म्हणून ज्यांनी आपले वजन खर्च केले, त्यांत सलीम अली प्रमुख होते.

बंदुकीमुळे होणारी हानी मेलेल्या पक्ष्यांच्या संख्येपुरतीच नसते. काडतुसातून शेकडो छरे सुटतात. काही पक्षी जागीच पडतात. काही जखमी होऊन लव्हाळ्यात शिरतात व तेथेच झुरून मरतात. त्यांची गणती कोणी करीत नाही. उरलेले छरे चिखलात जातात. बदकांना दाणे दळण्यासाठी पोटात बारीक खडे लागतात. खडे समजून ती शिशाचे छरे गिळतात आणि शिसे हळूहळू त्यांच्या अंगात भिनते. याच कारणास्तव अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे वापरण्यास देशभर बंदी केली, आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळीत ती लागू केली. शिवाय आवाजाने बिथरलेला थवा चरणे सोडून उडतो. दूरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगात साठविलेली चरबी अशा धावपळीत व्यर्थ जाते.

दुसरी बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. शिकारी म्हणतात की, आम्ही राखले म्हणूनच भरतपूरचे पाणी टिकले. अमेरिकेत १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यास एक तिकीट विकत घ्यावे लागते व त्या पैशातून पाणथळी विकत घेऊन राखल्या जातात, हेही खरे आहे. परंतु तेथे परवाना, हंगाम, मर्यादा आणि काटेकोर गणना या चार गोष्टी एकत्र आहेत. गावाच्या तळ्यावर रात्री जाळे लावणारा यांपैकी एकही पाळीत नाही. आणि जो पक्षी अनेक देशांच्या पाण्यावर जगतो, तो एका गावाने संपवावा, हे कोणत्या न्यायात बसते?

भारतात तर हा वाद कायद्याने मिटविला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात आरंभी काही प्राण्यांच्या शिकारीस परवाना मिळत असे. १९९१ च्या दुरुस्तीने शौकाची शिकार बंद झाली. कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. जाळे लावणे, फासे मांडणे, अंडी वा घरटी नष्ट करणे हेही त्यात येते. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे क्षेत्र २०१५ मध्ये अभयारण्य झाले व २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे त्या यादीतील महाराष्ट्राचे पहिले स्थळ होय. तिवरांना मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिले आहे. तथापि प्रत्येक पाझर तलावावर वनरक्षक उभा करता येत नाही. तेथे रोज जातात ती शाळेची मुले.

इथेच शिक्षकाचे काम अवघड होते. एखाद्या मुलाच्या खिशात गलोल असते. एखाद्याच्या घरी बाजाराच्या दिवशी चार बदके विकून मीठमिरची येते. त्या मुलास वर्गात उभे करून लाजविल्याने तो शाळा सोडील, शिकार सोडणार नाही. मुलास बापाविरुद्ध साक्षीदार करणे तर सर्वथा अनुचित होय. कायदा काय आहे तो पालकास शिक्षकाने स्वतः, घरी जाऊन, सन्मानाने सांगावा. व्यापारासाठी जाळी लावणाऱ्या टोळीची बातमी मात्र वनविभागास प्रौढांनीच द्यावी. त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मुलांकडे दुसरे काम सोपवावे, ते मोजणीचे.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी एकाच जागेवरून तळे पाहावे. जवळ जाऊ नये, दगड मारू नये. थव्यातील दहा पक्षी मोजावे, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरावे आणि असे दहाचे गट किती होतात ते पाहावे. चौथीच्या मुलास हे गणित सहज जमते. नावे गावातील वडीलधाऱ्यांकडून घ्यावी. गलोलवाल्या मुलाची नजर बहुधा सर्वांत तीक्ष्ण असते. त्यालाच गटनायक करावे. वहीत तारीख, वेळ, जात व संख्या असे चार रकाने पुरेत. शिक्षकास हजेरीपट नवा नाही; हा तळ्याचा हजेरीपट होय. तीन वर्षांच्या अशा नोंदी झाल्या म्हणजे तळ्यात भराव टाकण्याचा प्रश्न ग्रामसभेत निघेल तेव्हा गावाच्या हाती पुरावा असेल. बंदुकीपेक्षा भराव अधिक घातक आहे. बंदूक थव्यातील काही मारते, भराव थव्याचे ठिकाणच मिटवितो.

यासाठी वर्षातील तीन वेळा सोयीच्या आहेत. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस कै. मारुती चितमपल्ली यांचा, शेवटचा सलीम अली यांचा जन्मदिवस. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन होय.

१२ नोव्हेंबरला फळ्यावर प्रथम ४,२७३ हा आकडा लिहावा व तो कशाचा आहे ते मुलांस सांगावे. मग त्याखाली त्या सकाळी गावच्या तळ्यावर जिवंत मोजलेल्या पक्ष्यांचा आकडा लिहावा. तो पंचवीस असला तरी हरकत नाही. पुढल्या वर्षी तो घटू नये, एवढी जबाबदारी मुलांना आपली वाटली, की शाळेने आपले काम केले.