ब्रिजेटची वही आणि आपली वही



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्ते जमा झाल्यावरही तासभर चालली. कारण होतं एक गोष्ट. गटातल्या एका ताईंची भाची पुण्याला शिकते. तिने सुट्टीत एक इंग्रजी कादंबरी आणली होती, ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’. आम्ही ती वाचली आणि बैठकीत आपल्या भाषेत सांगितली. बायका हसून हसून दमल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. त्या का गप्प झाल्या, ते आज तुम्हांला सांगायचंय.

हेलन फील्डिंग या बाईंचं हे लेखन १९९५ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात सदर म्हणून सुरू झालं. १९९६ मध्ये पुस्तक आलं, २००१ मध्ये सिनेमा निघाला. ब्रिजेट लंडनमध्ये नोकरी करते, एकटी राहते. तिशी उलटलीय, लग्न झालेलं नाही. हे पुस्तक म्हणजे तिची वर्षभराची रोजनिशी.

आपल्या गटाच्या वहीत बचत, कर्ज, व्याज असे रकाने असतात ना? ब्रिजेटचेही रकाने ठरलेले. आजचं वजन किती, दारू किती, सिगारेटी किती. “अगं बाई, हे काय लिहून ठेवायचं असतं?” आमच्या एक काकू म्हणाल्या. ती ठेवते! आणि उद्यापासून सगळं बंद, असंही ठरवते. आपण नाही का सोमवारी साखर सोडतो, आणि मंगळवारी बारशाचे पेढे घरी येतात.

तिकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम नसतो, असं आम्हांला वाटायचं. पण असतो! नववर्षाच्या दिवशी ब्रिजेटची आई तिला ओळखीच्यांकडे जेवायला यायला लावते. तिथे मार्क डार्सी नावाचा घटस्फोटित बॅरिस्टर मुद्दाम बोलावलेला. पोह्यांऐवजी टर्की नावाच्या पक्ष्याची करी, एवढाच फरक. आणि जमलेली माणसं काय विचारतात? लग्नाचं काय, अजून कसं नाही जमलं!

तिचं तिनेच जमवायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. ऑफिसमधला साहेब डॅनियल गोड बोलतो आणि मध्येच गायब होतो. तिथे १४७१ नंबर फिरवला की शेवटचा फोन कुणाचा होता ते कळतं. ही घरी आली की आधी तोच नंबर फिरवते. शेवटी कळतं, त्याचं दुसरीशीच जमलंय. एकदा पाहुण्यांसाठी सूप करते, तर भाजी बांधलेल्या दोऱ्याचा रंग उतरून सूप निळं होतं. अठरा वर्षं झटून वजन एकदाचं चोपन्न किलोवर येतं, तर मित्रमैत्रिणी म्हणतात, दमलेली दिसतेस, आधीच बरी दिसायचीस.

इथे सगळ्या पोट धरून हसल्या. तेवढ्यात आमच्या गटातली एक मुलगी बोलली. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, गटाचा हिशेब तीच लिहिते. म्हणाली, “ब्रिजेटला विचारलं की तुम्हांला हसू येतं. मला तुम्हीच विचारता, ते मी कुठल्या रकान्यात लिहू?”

तेव्हा आम्ही गप्प झालो.

कारण मागच्या वर्षी तिने शिलाई मशीनसाठी वीस हजारांचं कर्ज मागितलं होतं. आम्ही विचारलं होतं, “तुझं लग्न ठरलं, तू सासरी गेलीस, तर हप्ते कोण भरणार?” अर्ज राहून गेला. त्याच बैठकीत दुसऱ्या एकीला शेळ्यांसाठी कर्ज मिळालं. तिला असं काही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तिचीच वही उघडली. सहा वर्षांत तिची एकही बचत चुकलेली नाही. आमच्यातल्या कितीजणींच्या नावापुढे दंड आहे, ते सांगायला नको.

मग ठराव लिहिला. कर्ज देताना लग्नाची चौकशी करायची नाही. बचत, परतफेड आणि काम, एवढंच बघायचं. तिचं कर्ज मंजूर झालं, मशीन आलंय. पहिला ब्लाउज आमच्या काकूंनीच टाकलाय. हळदीकुंकवाचं बोलावणंही यंदा गटातल्या प्रत्येकीला जाणार आहे, लग्न झालेली, न झालेली, नवरा नसलेली, सगळ्यांना.

ब्रिजेटचं शेवटी मार्क डार्सीशी जमतं. पण वर्षभर तिची रड ऐकायला मैत्रिणी धावून येत होत्या. त्यांच्यासाठी तिच्या वहीत रकाना नव्हता, तरी त्या होत्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची वही जरा मागे उलटून बघा. कुणाचा अर्ज असाच राहून गेलाय का? सापडला, तर आधी तो घ्या.