हलक्या कव्हरवर मोठी बोली लावावी का?

(डोंबिवलीतील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आज मी कबड्डीवर बोलणार आहे, आणि कबड्डीतल्याही एकाच प्रश्नावर. समजा, वीस वर्षांचा एक मुलगा आहे. उंची पाच फूट अकरा इंच, वजन ७२ किलो. कव्हरला, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूच्या आतल्या बाजूला, खेळतो. पाय हलके, नजर तीक्ष्ण, पकडीची वेळ अचूक. प्रो कबड्डीच्या लिलावाची यादी संघाच्या टेबलावर आहे. एक प्रशिक्षक म्हणतो, "पोरगा सोनं आहे, आधी याला घ्या." दुसरा म्हणतो, "अंगात वजनच नाही, ८५ किलोचा चढाईपटू याला घेऊन मध्यरेषा ओलांडेल. शेवटी उरला तर बघू." यांत बरोबर कोण?

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या प्रशिक्षकाचं म्हणणं बरोबर आहे, पण तीन अटींवर. मुलाचं हाडपेर वाढीला जागा देणारं हवं. त्याचा खेळ पायांवर आणि वेळेच्या जाणिवेवर उभा हवा. आणि त्याला घेणाऱ्या संघाकडे भक्कम कोपरा आणि दोन हंगामांचा धीर हवा. यातली एक जरी अट सुटली, तरी दुसऱ्या प्रशिक्षकाची भीती खरी ठरेल.

हा मुलगा हलका का राहिला, हे आधी पाहू. आपल्याकडे कबड्डी वजनी गटांत खेळली जाते. किशोर गटाला ५५ किलोची मर्यादा, कुमार गटाला ७० किलोची आणि प्रौढ पुरुषांना ८५ किलोची. प्रत्येक ठिकाणी मर्यादा वरची आहे, खालची कुठेच नाही. मुलगा कुमार गटात असेपर्यंत काटा ७० च्या पुढे जाता कामा नये, एवढंच त्याला सांगितलं जातं. निवड चाचणी जवळ आली की भात बंद, पाणी कमी, अंगात दोन स्वेटर घालून धावणं सुरू. ज्या वयात हाडं आणि स्नायू भरायचे, त्याच वयात आपण त्याला उपाशी ठेवतो. मग विसावं वर्ष ओलांडलं की तो प्रौढ गटात येतो आणि समोरचा गडी एकदम पंधरा किलोंनी जड होतो. तेव्हा आपणच म्हणतो, पोरगा हलका आहे! ज्याचं वजन नियमाच्या धाकाने रोखून धरलं होतं, त्याच्या वजनावरून त्याची किंमत ठरवणं हा अन्याय आहे, आणि संघाच्या दृष्टीने तो चुकीचा हिशेबही आहे.

आता कव्हरचं काम पाहू. मैदानात सात जण असतात. दोन्ही टोकांना कोपरे. कोपरारक्षक वाकून घोट्याला हात घालतो किंवा मांडीला मिठी मारतो. त्याच्या आतल्या बाजूला कव्हर. कव्हरचं काम बहुतेकदा दुसऱ्या क्षणी सुरू होतं. कोपऱ्याने घोटा धरला की चढाईपटू सगळं अंग मध्यरेषेकडे झोकून देतो. बोटाचं टोक जरी रेषेपलीकडे गेलं, तरी तो सुटला, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरलं ते सगळे बाद. त्या अर्ध्या क्षणात कव्हरला आडवं जाऊन वाट बुजवायची असते, किंवा धडक देऊन गड्याला बाजूच्या रेषेबाहेर काढायचं असतं.

वजन नेमकं कुठे लागतं, हे साध्या गुणाकाराने कळतं. ८५ किलोचा चढाईपटू मोकळा असेल आणि सेकंदाला ५ मीटर वेगाने परतत असेल, तर वजन गुणिले वेग हा आकडा ४२५ येतो. ७२ किलोच्या कव्हरला समोरासमोर तेवढाच जोर लावायचा तर त्याला सेकंदाला ५.९ मीटर वेग हवा. उभ्या जागेवरून दोन पावलांत तो मिळणं अवघड आहे. पण त्याच चढाईपटूचा घोटा कोपऱ्याने धरलेला असेल आणि त्याचा वेग २ मीटरवर आला असेल, तर आकडा १७० वर उतरतो. आता आपला ७२ किलोचा मुलगा ३ मीटर वेगाने आला तरी त्याचे २१६ होतात. म्हणजे मोकळ्या चढाईपटूपुढे हलका कव्हर कमी पडतो, पण चांगल्या कोपऱ्याशेजारी तो पुरून उरतो. म्हणून त्याची किंमत ठरवताना त्याच्या शेजारी कोण उभा राहणार, हे आधी विचारायला हवं.

विरोधी बाजू मी टाळणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले की यशस्वी पकडीला एक जादा गुण मिळतो. तिला आपण अव्वल पकड म्हणतो. तिथे साखळी करायला माणसंच नसतात, बळ एकट्याने लावावं लागतं आणि वजनातला फरक उघडा पडतो. शिवाय दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत चढाईपटूला गुण मिळवावाच लागतो, म्हणजे अंगावर येणारा गडी जिवाच्या कराराने येतो. त्यात २०२४ च्या हंगामात बारा संघांच्या दुहेरी साखळीत प्रत्येक संघ २२ सामने खेळला. हलक्या मुलाचे खांदे आणि गुडघे एवढी धडक सोसतील का, ही काळजी रास्त आहे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात सुवर्णपदकं मिळवलेल्या संघाला कांस्यावर थांबावं लागलं. इराणी बचावाची ताकद तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरली, आणि ताकदीकडे दुर्लक्ष करून आता चालणार नाही, हे मलाही मान्य आहे.

त्या भारतीय संघात आपल्या कल्याणचा गिरीश इरनाक होता. डाव्या कोपऱ्याचा भरवशाचा पकडपटू. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत आणलं, त्या संघातही तो होता. कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालची आगरी-कोळी गावं, भिवंडीची वाट, दिव्याची खाडी, या सगळ्या पट्ट्यात कबड्डी पिढ्यान्पिढ्या खेळली जाते. ठाण्यात चरईच्या श्री मावळी मंडळाची राज्यस्तरीय स्पर्धा पाहायला लोक गर्दी करतात. इथला प्रेक्षक चढाईइतकीच दाद पकडीला देतो. या मातीतून कोपरे येतात तसे कव्हरही येतात. फरक एवढाच की कोपऱ्याची पकड लगेच दिसते आणि कव्हरचं काम पाहायला सराईत डोळा लागतो.

संघबांधणीतून काय दिसतं? यू मुंबाने प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ ला विजेतेपद मिळवलं. अनुप कुमारच्या चढाया सर्वांना आठवतात. पण त्या संघाचा कणा होता बचाव: कोपऱ्यांवर मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा, आत विशाल माने आणि जीवा कुमार. २०१६ च्या लिलावात मोहितवर ५३ लाखांची बोली लागली, त्या वर्षीची सर्वांत मोठी, आणि तो बंगळूरूला गेला. त्या हंगामात यू मुंबाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. पराभवाला कारणं अनेक असतात, पण जुळलेला बचाव मोडला की तो एका रात्रीत उभा राहत नाही, हे सत्य उरतंच.

दुसरं उदाहरण पुणेरी पलटणचं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून ते पहिल्यांदा विजेते झाले. कर्णधार होता अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगरकडचा. संघाचा गाभा तरुण मुलांचा होता, आणि त्यांना एकत्र वाढू दिलं होतं. अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत कव्हरला, गौरव खत्री उजव्या कोपऱ्यात. डाव्या कोपऱ्यासाठी मात्र त्यांनी थैली सैल सोडली. इराणचा मोहम्मदरझा शादलू त्यांनी २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि त्याने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. एक मोठा, सिद्ध झालेला कोपरा आणि त्याच्याभोवती हाताशी घडवलेली तरुण मुलं. माझी तिसरी अट मी इथूनच घेतली आहे.

आता पैशाचं पाहू. त्याच दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला ५ कोटींची मर्यादा होती आणि संघात किमान १८ खेळाडू हवे होते. सरासरी काढली तर माणशी २८ लाखांच्या आत पडतात. अ गटाची मूळ किंमत ३० लाख, ड गटाची ९ लाख. एका चढाईपटूवर दोन-अडीच कोटी गेले की उरलेल्या पैशांत अख्खा बचाव उभा करावा लागतो. मग ७२ किलोच्या कव्हरसाठी आधी हात वर करणं शहाणपणाचं ठरतं, कारण दोन वर्षांनी तोच मुलगा ८० किलोचा होऊन आला तर त्याची बोली आपल्या आवाक्यात राहणार नाही.

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह टॅकल नावाची जागा असते. चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्यांपासून वाचवणं हे त्याचं काम. तिथे वजनाला मर्यादा नाही आणि या जागेवर १४०-१५० किलोची माणसं उभी राहतात. लेन जॉन्सन नावाचा खेळाडू शाळेत असताना स्वतःच चेंडू फेकणारा होता. मग जागा बदलत, अंग भरत तो टॅकल झाला. २०१३ मध्ये नवोदित खेळाडूंच्या निवडीत फिलाडेल्फियाच्या संघाने १३७ किलोच्या या खेळाडूला चौथ्या क्रमांकावर उचललं. त्यांनी त्याचे चपळ पाय पाहिले. पुढे तो त्या जागेवरच्या अव्वल खेळाडूंत गणला गेला आणि संघाच्या दोन्ही सुपर बोल विजेतेपदांत त्याचा वाटा राहिला. अंग भरता येतं, पण वीस वर्षांच्या गड्याच्या पायांत चपळाई नव्याने घालणं फार कठीण असतं. त्या संघाने हाच हिशेब केला.

म्हणून हलक्या कव्हरची पारख करताना मी तीन गोष्टी पाहीन. खांदे, मनगटं आणि घोटे यांची रुंदी किती, हे सांगेल की आणखी आठ-दहा किलो पेलतील का. कोपऱ्याने हात घातल्यावर याचं पहिलं पाऊल किती लवकर पडतं, हे त्याची समज सांगेल. आणि पकड फसल्यावर पुढच्या चढाईला तो मागे सरतो की जागेवर राहतो, हे त्याचं मन सांगेल. या तिन्हीत जो उतरला, त्याला मी यादीत वर ठेवीन. अंग मोठं पण पाऊल उशिरा पडणारा मुलगा मला तितका भरवशाचा वाटत नाही.

शेवटची विनंती संघमालकांना नाही, आपल्या मंडळांना आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या प्रत्येक मंडळाने खेळणाऱ्या मुलांची उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी वहीत लिहावं. चाचणीपूर्वी मुलाला उपाशी ठेवणं बंद करावं. ज्याचं शरीर ७० किलोत मावत नाही, त्याला लवकर प्रौढांबरोबर सरावाला घ्यावं. कुमार गटातून बाहेर पडणाऱ्या मुलासाठी व्यायामशाळेची फी आणि दोन वेळचा दूध-अंड्याचा खर्च वर्गणीतून काढावा. स्पर्धेच्या मंडपाच्या खर्चापुढे हा खर्च फार नाही. भारत पेट्रोलियम, महिंद्र, रेल्वे, पोलिस यांच्या संघांतली भरतीही याच वयात होते, आणि ती नोकरी कित्येक घरांचा आधार असते. त्या दारातून आपला मुलगा केवळ सहा-सात किलोंसाठी परत आला, तर त्या सहा-सात किलोंचा जाब आपणच द्यायला हवा. मुलात खेळ असेल तर बोली लावणारा चूक करणार नाही; वजनाची जबाबदारी मात्र त्याला वाढवणाऱ्या आपण सर्वांनी घ्यायची आहे.