टाळेबंदीतील शाळा आणि आपली मुले
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)

आजच्या सभेच्या चालकांनी मला मुलांच्या शिक्षणाविषयी बोलावयास सांगितले आहे. हा विषय इतका मोठा आहे की, त्याचे एक टोक धरले तर दुसरे हातून सुटते. म्हणून मी त्यातील एकाच प्रश्नापुरते बोलणार आहे. शाळेचे दार बंद असताना गरिबाच्या मुलाचे शिक्षण चालू राहू शकते काय, आणि जेथे ते चालू राहिले तेथे कशाच्या बळावर राहिले, एवढाच तो प्रश्न होय. करोनाची साथ ओसरून काही वर्षे लोटली, आता हा विषय पुन्हा कशाला उकरता, असे कोणी म्हणेल. त्यास माझे उत्तर असे की, जे मूल २०२० साली पहिलीत दाखल झाले, ते २०२५ साली सहावीत जाऊन बसले. त्याची अक्षरओळखीची वर्षे शाळेवाचून गेली. ते मूल कोठे दूर नाही, आपल्याच घरांत आहे.

प्रथम जे घडले ते थोडक्यात सांगतो. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून सबंध देशात टाळेबंदी लागू झाली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून ठिकठिकाणी उघडू लागले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१ च्या अखेरीस. मग दुसरी लाट आली व पुन्हा कुलुपे लागली. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे आणि शहरांतील आठवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. म्हणजे ज्या चिमुकल्यांना गुरुजींच्या अगर बाईंच्या समोर बसण्याची सर्वांत अधिक गरज, त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली. साथीच्या दृष्टीने हा क्रम योग्य होता की अयोग्य, याचा निकाल वैद्यकशास्त्राच्या जाणकारांनी द्यावा. शिक्षणाच्या दृष्टीने तो उलटा होता, एवढे मी निश्चित म्हणेन.

या काळात सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा केली. घोषणा चांगली होती. परंतु हे शिक्षण ज्या वाटेने घरात यावयाचे, ती वाट मोबाईलची होती, आणि ती किती घरांपर्यंत पोचते हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगून ठेवले होते की, देशातील शेकडा २४ कुटुंबांना घरी इंटरनेटची सोय आहे. खेड्यांत हे प्रमाण शेकडा १५ होते. पुढे २०२० च्या ‘असर’ पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी शेकडा ६२ मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. हा आकडा पाहून पुष्कळांना हायसे वाटले. वस्तुतः फोन घरात असणे आणि फोन मुलाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फोन बापाचा असतो, आणि टाळेबंदी उठताच बाप तो घेऊन कामावर जातो. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा घरात तीन मुले तीन इयत्तांची असतात. त्यांत प्रथम मोठ्या मुलाचा अभ्यास, मग धाकट्याचा, आणि उरलेल्या वेळात मुलीचा. रिचार्ज संपला की तिघांचाही अभ्यास संपला.

ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांमधून सुमारे चौदाशे मुलांची पाहणी करण्यात आली. खेड्यांतील त्या मुलांपैकी शेकडा आठच मुले नियमाने ऑनलाईन शिकत होती. शेकडा ३७ मुले मुळीच शिकत नव्हती. त्याच पाहणीतील आणखी एक आकडा आपण नीट ऐकावा. खेड्यांतील दलित व आदिवासी मुलांत नियमाने ऑनलाईन शिकणारी शेकडा चार निघाली, तर इतर मुलांत शेकडा पंधरा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला, हा इतिहास आपण वाचला आहे. तेव्हा माणसांनी माणसाला दाराबाहेर ठेविले. २०२० साली दार कोणा जातीसाठी लागले नव्हते, ते सर्वांसाठीच लागले. पण बंद दारातूनही कोण आत शिरला आणि कोण बाहेर राहिला, हे मोजावयास बसले तर चार आणि पंधरा हे आकडे हाती येतात. त्यास कोणी योगायोग म्हणू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असे असूनही काही ठिकाणी गरिबांची मुले शिकत राहिली, आणि ती कशी शिकली हे पाहण्यासारखे आहे.

सोलापूर हे चादरी आणि टॉवेलांचे शहर. तेथील नीलमनगर भागात यंत्रमागांवर व कापड कारखान्यांत राबणाऱ्यांची वस्ती आहे. त्या भागातील आशा मराठी विद्यालयात सुमारे सतराशे मुले शिकतात आणि त्यांतील बहुतेकांचे आईबाप असेच कामगार आहेत. माग थांबले, मजुरी थांबली, तेथे नवा फोन कोठून यावयाचा? शाळेच्या शिक्षकांच्या हे ध्यानात आले की, मुलांच्या घरी फोन नसला तरी घराला भिंत आहे, आणि ती भिंत गल्लीकडे तोंड करून उभी आहे. त्यांनी सुमारे तीनशे घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ्यपुस्तकांतील धडे सोपे करून रंगविले. पहिलीच्या मुळाक्षरांपासून दहावीच्या भूमितीपर्यंतचा मजकूर त्या गल्ल्यांतून उतरला. मुले आपल्या सवडीने येत, तोंडाला मुखपट्टी बांधून अंतर राखून उभी राहत, वाचीत आणि वहीत उतरून घेत. ज्या गल्लीतून मूल किराणा आणावयास जाते, तीच गल्ली त्याचा वर्ग झाली. या कल्पनेत एक गुण असा आहे की, ती कोणासही वगळीत नाही. भिंतीला रिचार्ज लागत नाही, आणि जो बाप दिवसभर फोन घेऊन बाहेर असतो त्याला भिंत बरोबर नेता येत नाही.

दुसरे उदाहरण झारखंड राज्यातील दुमका जिल्ह्याचे. तेथील बनकाठी गावच्या शाळेत आठवीपर्यंतची २४६ मुले होती, त्यांपैकी २०४ मुलांकडे मोबाईल नव्हता. मुख्याध्यापकांनी प्रथम हे मोजले, आणि मग १६ एप्रिल २०२० पासून गावात ठिकठिकाणी झाडांवर व भिंतींवर ध्वनिक्षेपक लावून शिकविण्यास प्रारंभ केला. देशात टाळेबंदी लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. शिक्षक शाळेतून बोलत आणि मुले ध्वनिक्षेपकाजवळ अंतर ठेवून बसत. असे रोज दोन तास ठराविक वेळी चाले. ज्याला शंका असेल त्याने गावातील कोणाच्याही फोनवरून ती कळवावी आणि दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर ध्वनिक्षेपकावरून ऐकावे, अशी व्यवस्था होती. लग्नाच्या मांडवात आणि निवडणुकीच्या सभेत जे यंत्र आपले कान किटवते, त्याचा असा उपयोग मी तरी पूर्वी ऐकला नव्हता.

त्याच दुमका जिल्ह्यातील डुमरथर या गावी शिक्षकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मातीच्या घरांच्या बाहेरील भिंतींवर त्यांनी मुलांसाठी काळे फळे रंगवून घेतले. मूल आपल्या फळ्यासमोर बसे आणि खडूने लिही. शिक्षक गल्लीतून फिरत, लिहिलेले पाहत आणि चुकले तेथे सुधारीत.

भगिनींनो आणि बंधूंनो, या तिन्ही प्रयत्नांची मी मनाशी तुलना केली आहे. तीत कोणास कमी लेखण्याचा हेतू नाही. सोलापूरची भिंत चोवीस तास उघडी असते, परंतु ती स्वतः होऊन मुलास काही विचारीत नाही. बनकाठीचा ध्वनिक्षेपक ठराविक वेळी हाक मारतो. या ठराविक वेळेचे मोल फार आहे, कारण रिकाम्या दिवसात मूल वाहवत जाते. शंका विचारण्याची वाटही तेथे होती, मात्र उत्तर दुसऱ्या दिवशी मिळे. डुमरथरच्या फळ्यावर मूल स्वतः लिहिते आणि कोणीतरी ते लागलीच पाहते. माझ्या मते शिक्षणाचा प्राण येथे आहे. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तीही उपयोगी होती. पण मुलाने हातच्याची बेरीज चुकीची केली तर दूरदर्शनच्या पडद्यास ते दिसत नाही, आणि हजारो रुपयांच्या फोनवर एकतर्फी येणाऱ्या पाठासही ते दिसत नाही. ते गल्लीतून चालत येणाऱ्या गुरुजीला दिसते. साधन स्वस्त की महाग याने येथे फारसे काही ठरत नाही. मुलाने केलेला अभ्यास कोणाच्या तरी नजरेखालून जातो की नाही, हे पाहावे.

अन्नाचा विचारही येथे टाळता येत नाही. आपल्या पुष्कळ मुलांच्या दृष्टीने शाळा म्हणजे दुपारचे जेवणही होते. शाळा बंद होताच ते थांबेल हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. महाराष्ट्रात शिजविलेल्या आहाराऐवजी तांदूळ व कडधान्य पालकांच्या हाती देण्यात येऊ लागले. काही शाळांनी यातून एक शहाणपणाची वाट काढली. धान्य घ्यावयास आई आली की, तिच्याजवळ पुढच्या पंधरवड्याच्या अभ्यासाची पाने द्यावयाची आणि मागच्या पंधरवड्याची सोडविलेली पाने परत मागावयाची. धान्याच्या पिशवीबरोबर वही जाऊ-येऊ लागली. आईला अक्षर येवो अगर न येवो, पाने भरली आहेत की कोरी आहेत एवढे तिला कळतेच.

यावरून मी पालकांच्या कामाकडे येतो. ‘आम्ही अडाणी, आम्ही मुलांना काय शिकविणार?’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. शिकविण्याचे काम आपले नव्हेच, ते शिक्षकाचे आहे व त्यासाठी त्यास पगार मिळतो. आपले काम विचारण्याचे आहे. आज काय वाचलेस, ते मला आपल्या शब्दांत सांग, असे आईने भाकरी थापता थापता विचारले तर मुलाला तो धडा दुसऱ्यांदा मनातून काढावा लागतो. सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते आणि तेथील मुले शाळेत मराठी शिकतात. अशा आईला मुलाने मराठी धडा तेलुगूत सांगितला, तर त्या मुलास तो खरोखर समजला आहे अशी खात्री होते. याकरिता आईने शाळेत गेलेच असले पाहिजे असे नाही.

नुकसान किती झाले तेही ऐका. तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागात शेकडा २७ होती. मुळात हाच आकडा लाजिरवाणा होता. २०२२ साली तो २०.५ वर घसरला. २०२४ च्या पाहणीत तो पुन्हा २७ च्या घरात आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु येथे एक गफलत होण्याचा संभव आहे. २०२४ साली तिसरीत असलेली मुले निराळी आहेत. त्यांची शाळा बुडाली नव्हती. ज्यांची बुडाली ती वरच्या वर्गात सरकली, आणि त्यांच्याकरिता महाराष्ट्रात १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम ठेवण्यात आला. तो सुरू झाला तेव्हा लहान मुलांच्या शाळा अद्याप बंदच होत्या! पहिली-दुसरीची दोन वर्षे पंचेचाळीस दिवसांत भरून निघतील असे ज्यांना वाटले, त्यांनी लहान मुलांना कधी शिकविले नसावे.

म्हणून माझी आपणास विनंती आहे की, आपल्या घरात दहा ते पंधरा वर्षांचे मूल असेल, तर आज रात्री त्याच्या हाती तिसरीचे पुस्तक द्या आणि एक पान मोठ्याने वाचावयास सांगा. त्यास रागावू नका. अडखळत असेल तर लाजू नका आणि लपवू नका. ते पुस्तक घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. मध्येच शाळा सुटली असल्यास वयाला साजेशा वर्गात बसण्याचा, आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळविण्याचाही अधिकार त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. शिक्षक ‘जागा नाही’ अगर ‘आता वय गेले’ असे म्हणतील, तर हे कलम त्यांना नम्रपणे दाखवा व अर्ज लेखी द्या. एकट्याने जाण्यास संकोच वाटत असेल तर वस्तीतील चार घरांनी मिळून जावे.

ज्यांचे वय चौदाच्या पुढे गेले त्यांच्याविषयी दोन शब्द सांगून मी आपली रजा घेतो. टाळेबंदीत आठवी-नववीतून सुटलेली पुष्कळ मुले आज गॅरेजमध्ये, बांधकामावर, दुकानांत आहेत, आणि कित्येक मुलींची लग्ने होऊन गेली आहेत. त्यांना दहावीची परीक्षा बाहेरून देता येते. त्यासाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरावयाचा असतो. तो दरवर्षी ठराविक मुदतीतच भरून घेतात, आणि त्यासोबत मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हा दाखला पुष्कळांनी शाळेतून अद्याप आणलेलाच नाही. सभा संपल्यावर मी याच ठिकाणी थांबणार आहे. ज्यांच्या घरी असा मुलगा, मुलगी किंवा सून असेल त्यांनी तिचे नाव, शेवटची इयत्ता आणि शाळेचे गाव मला लिहून द्यावे, म्हणजे दाखल्यांसाठी कोणत्या शाळेत कोणी जावयाचे याची वाटणी आपल्याला आजच करता येईल.