लघुउद्योगातील संगणकांची स्वयंचलित देखभाल



सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा अभ्यास करताना २००६ चा कायदा, पतपुरवठा आणि वर्गीकरणाच्या मर्यादा आपण पाठ करता. १ एप्रिल २०२५ पासून लघुउद्योगासाठी २५ कोटी रुपये गुंतवणूक व १०० कोटी रुपये उलाढाल ही कमाल मर्यादा झाली, हेही आपणांस ठाऊक असेल. परंतु या उद्योगांतील संगणकांची झाडलोट कोण करतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आजचे व्याख्यान त्याविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी राजकोट येथील, यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी या कामासाठी गेलो होतो. सात संगणक, एक लेखापाल, आणि संगणकांकडे पाहणारे स्वतंत्र कोणी नाही. डिस्क भरत आलेल्या, यंत्रे मंदावलेली. मी विंडोजमधील ‘टास्क शेड्युलर’वर रोज रात्री दोन वाजता तात्पुरत्या फाइली पुसण्याचे आणि हिशेबाची प्रत बाहेरील डिस्कवर घेण्याचे काम लावून दिले. त्याशिवाय ‘स्टोरेज सेन्स’ या सुविधेत, ‘डाउनलोड्स’मधील तीस दिवस न उघडलेल्या फाइली आपोआप काढून टाकण्याचा पर्याय निवडला. हा पर्याय मुळात बंद असतो. तो मी हौसेने सुरू केला.

दोन्ही बाबतींत मी चुकलो. कारखाना बंद करताना मालक मुख्य स्विचच खाली करीत, त्यामुळे रात्री दोनचे काम एकदाही झाले नाही. याचा उपाय सोपा होता. ते काम दुपारच्या जेवणाच्या सुटीत आणले आणि वेळ चुकल्यास संगणक सुरू होताच काम व्हावे, अशी खूण त्याच सुविधेत करून ठेवली.

दुसरी चूक महाग पडली. पुरवठादारांची बिले ई-मेलने येत आणि लेखापाल ती ‘डाउनलोड्स’मध्येच ठेवीत. वार्षिक विवरणपत्राच्या वेळी ती शोधू लागलो, तर जागा स्वच्छ! केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १६ प्रमाणे खरेदीवरील कराची वजावट मिळण्यासाठी बीजक आपल्याजवळ असावे लागते. कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. मी कचरा समजून जे पुसले, ते त्या उद्योगाचे पैसे होते. बरीचशी बिले ई-मेलमध्ये सापडली. उरलेल्यांसाठी लेखापालांना पुरवठादारांकडे महिनाभर फोन करावे लागले.

असाच घोळ संगणकाच्या अंतर्गत नोंदींबाबत होतो. सफाईच्या अनेक आज्ञावली या नोंदीही पुसतात. ‘सर्ट-इन’ने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार व्यावसायिक संस्थांनी त्या १८० दिवस जतन करावयाच्या आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवावयाची आहे. नोंदी पुसल्यावर कळवणार तरी काय?

सुरक्षाविषयक सुधारणा मात्र निःशंकपणे यंत्रावर सोपवाव्यात. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी एक त्रुटी दूर करणारी सुधारणा दिली होती. तिच्याच आधारे ‘वॉनाक्राय’ने १२ मे २०१७ पासून जगभरातील संगणक ओलीस धरले. मधल्या दोन महिन्यांत सुधारणा बसविणे माणसांवर सोडलेल्या अनेक ठिकाणी ते राहून गेले. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. तेथे नुसते स्वयंचलन पुरत नाही, कारण बसवायला नवी सुधारणाच येत नाही.

बाहेरील डिस्क कायम जोडलेली असेल, तर असा हल्ला तीही कुलूपबंद करू शकतो. म्हणून आता त्या कारखान्यात दोन डिस्क आलटून पालटून वापरतात आणि एक मालकांच्या घरी असते. पंख्यात साचणारी ओतशाळेची धूळ अजून ब्रशनेच काढतात. काय पुसावयाचे याची यादी लेखापाल तयार करतात, मी नव्हे. शिवाय महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते साठवलेल्या प्रतीतून कोणतेही एक जुने बिल उघडून पाहतात आणि त्याचा क्रमांक वहीत लिहून सही करतात.