अंड्याचे दार आणि शुक्रजंतूचा रस

कोपरीच्या अंगाने जाणारी ठाण्याची खाडी पुढे मुंबईच्या समुद्राला मिळते. तिथल्या खडकांवरची कालवे जागची हलत नाहीत. अंडी व शुक्रजंतू नुसते पाण्यात सोडतात. इतर शिंपल्यांचेही बीज त्याच पाण्यात तरंगते. मग गोंधळ कसा होत नाही?

अंड्याभोवती चिवट आवरण असते. शुक्रजंतूच्या टोकाशी इवलीशी पिशवी. ती फुटली, की आतला रस आवरण विरघळवतो. १९३९ साली अल्बर्ट टायलर यांनी कॅलिफोर्नियातील एका समुद्री गोगलगाईच्या शुक्रजंतूंतून असा रस काढून दाखवला. आपण शिक्षक त्याला सरसकट ‘पाचक रस’ म्हणतो, ते तितकेसे खरे नव्हे. तिच्या भाईबंदांपैकी अबालोनीचा रस काही पचवीत नाही, हे १९८२ साली कळले. बाजेचे सुंभ सैल करावे, तसे तो आवरणाचे धागे सुटे करतो. आणि तेही मुख्यत्वे आपल्याच जातीच्या अंड्याचे. परक्या दारात तो बहुधा अडतो.